दार वाजवायचा खेळ

गडमुडशिंगी,
१८ सप्टेंबर २००५

प्रिय प्रसेन,
सप्रेम जय भीम.

फोनवर आपण बोलायला लागलो की पाच मिनिटांत भांडण होतंय, म्हणून हे पत्र. मेल करावं तर तूच म्हणतोस, तुमच्या ऑफिसात मेल वाचतात आणि गेटवरच मोबाईल काढून घेतात. गेम बनवता का बॉम्ब रे बाबा?

बातमी ऐक. मी पण गेम बनवतेय. हसलास ना? हस. माझा कॉम्प्युटर क्लास दुपारी रिकामाच असतो. सोबत राजवीर आहे, पलीकडच्या गल्लीतल्या दूधवाल्या घरातला. सकाळी म्हशीची धार काढतो आणि दुपारी कोड लिहितो. डोकं चांगलं आहे आणि बोलणं कमी.

यंदाच्या पुरात मी आजोळी मामाकडं अडकले होते, तिथंच हे सुचलं. तुला आठवतंय ना, आपला बुद्धवाडा खाली ओढ्याकडं, म्हणजे पाण्याचा पहिला मान आपला. शेजारी नृसिंहवाडीला पुराचं पाणी दत्ताच्या देवळातनं वाहिलं, दक्षिणद्वाराचं स्नान म्हणून लोक जीप भरभरून चाललेले, आणि आम्ही त्याच पाण्यातनं पिठाचे डबे डोक्यावर घेऊन वरच्या आळीला. एकेक दार वाजवत. प्रत्येक दाराचं उत्तर वेगळं बघ. कुणी आत या म्हणतं. कुणी गोठा दाखवतं. कुणी म्हणतं, पुढं बघा की. कुणी आतनं नुसतं खोकतं आणि दार काही उघडत नाही. शेवटी गणपतरावांनी घरात, सोप्यात घेतलं.

पाणी उतरल्यावर निघताना अण्णासो मामानं नेहमीसारखा चुन्यात हात बुडवून त्यांच्या दाराशेजारी पंजा उमटवला. ह्या दारानं आत घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या मामाचा पंजा हजारात ओळखू येतो. मधलं बोट अर्धं, बाकीचं कडबा कुट्टीत गेलेलं.

तर गेम हाच. पाणी चढत असतं. तुझ्या हातात बंदूक नाही, तलवार नाही. फक्त दार वाजवायचं. ज्या दारानं आत घेतलं, त्याच्या शेजारी मामाचा पंजा उमटतो. आणि खरी गंमत पुढच्या पुरात. त्या वेळी तू वरच्या घरात असतोस आणि दुसरं कुणीतरी तुझं दार वाजवतं. तू काय केलंस ते घरं विसरत नाहीत. प्रत्येक घरावर आपल्याच माणसाचं नाव घातलंय. ओढ्याकडनं वर चढताना तिसरं घर तुझं.

हा गेम माझ्या नावानं बाहेर पडला पाहिजे, प्रसेन. लोकांना टायपिंग शिकवत म्हातारी व्हायचं नाही मला. सी.डी. तयार झाली की पाठवते. पहिला तू खेळायचास. एवढ्या मोठ्या कंपनीत बसलायस, तुझ्याशिवाय मला खरं कोण सांगणार?

तुझी,
आक्का


पुणे,
४ ऑक्टोबर २००५

ती. आक्कास,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. शेवंता मावशीला आणि मामाला जय भीम सांग.

मी इथं नक्की काय करतो असं मावशीनं मागं विचारलं होतं, तेव्हा मी टाळलं. मी दारं करतो. खरंच. परदेशातल्या एका कंपनीचा लढाईचा गेम आहे, तिकडची आणि इकडची मिळून तीनशे माणसं त्यावर. एक टोळी वर्षभर नुसतं पाणी चमकवतेय. एकाकडं गवत. माझ्याकडं दारं. फळ्या, कड्या, कुलपं, गंज, पावसानं फुगलेलं लाकूड. दोनशेच्या वर झाली, अजून तेवढीच करायची आहेत. त्यातलं एकही उघडत नाही. मागं खोलीच नसते.

परवा मीटिंगमध्ये मी म्हटलं, एक तरी दार उघडू या की. साहेबांनी विचारलं, "आधी कुठल्या गेममध्ये चाललंय का हे?" त्यांना नवं पाहिजे, पण आधी कुठंतरी चाललेलं. त्यांचीही चूक नाही. इतक्या माणसांचा गाडा एकदा सुटला की वळवता येत नाही.

आता एक सांगतो, राग मानू नकोस. गेमबद्दल मला यापुढं काही लिहू नकोस. कारण विचारू नकोस.

आणि तुझं पाकीट उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं. पोस्टात कोण टाकतं? राजवीर? त्याच्याजवळ गेमची कॉपी ठेवत जाऊ नकोस. त्याच्यासारखी वरच्या आळीची माणसं कधीकधी दार उघडतात, पण घर आपल्या नावावर करून देत नाहीत. तू भोळी आहेस, म्हणून लिहिलं.

तुझा,
प्रसेन


गडमुडशिंगी,
११ डिसेंबर २००५

प्रिय प्रसेन,
जय भीम.

संशयी मेल्या! पाकीट मीच दोनदा चिकटवलं. आईची चिठ्ठी घालायची राहिली होती. त्या पोराला पाकिटाला हातसुद्धा लावू दिला नव्हता, आणि तू त्याला चोर करून मोकळा झालास. तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही. बिचारा दर आठवड्याला विचारतो, "प्रसेनदादा काय म्हणाला?" काय सांगू त्याला?

आणि 'काही लिहू नकोस, कारण विचारू नकोस' हे काय नवीन? लहानपणी तू गुळाची ढेप फोडून खायचास तेव्हा असंच बोलायचास.

बरं, सी.डी. सोबत पाठवतेय. आईनं पार्सल जुन्या लुगड्याच्या कापडात शिवून दिलंय, गोधडीच्या टाक्यानं. म्हणाली, "पोस्टातल्या उंदरानंबी उसवाय न्हाय पाहिजे." तुला दातानंच उसवावं लागणार. हा गेम आमच्या दोन कॉम्प्युटरवर आणि तुझ्याकडं, बाकी कुठं नाही.

तुमच्या तीनशे माणसांचं मात्र त्याला सांगितलं, आम्ही दोघं लई हसलो. परवा राजवीर म्हणाला, गोठ्यात राहिलेल्या माणसाला पुढच्या पुरात गोठा दिला तर तो घेईल का? म्हटलं, करून बघू. चहा येईपर्यंत करून झालं होतं. जमलं नाही, तर चहा संपेपर्यंत काढून टाकलं. तुमच्याकडं याला किती मीटिंगा लागतील?

खेळ आणि मोकळेपणानं कळव. वाईट वाटलं तर वाईट म्हण.

तुझी,
आक्का


पुणे,
२० जानेवारी २००६

ती. आक्कास,
सविनय जय भीम.

पार्सल पोचलं.

काम फार आहे. रविवारीसुद्धा बोलावतात. संक्रांतीला वारणानगरलाही जाता आलं नाही, बाबा रुसलेत.

एक विचारायचं होतं. मामाचं बोट तुटलंय तो हात डावा की उजवा? मला काही केल्या आठवेना. लगेच कळव.

तुझा,
प्रसेन


गडमुडशिंगी,
२ फेब्रुवारी २००६

प्रसेन,

उजवा. कशाला पाहिजे?

आणि 'पार्सल पोचलं' म्हणजे काय? पार्सल पोस्टमन पण पोचवतो. गेम कसा आहे?

आक्का


(पोस्टकार्ड)
गडमुडशिंगी, १४ जून २००६

खेळलास का? हो किंवा नाही, एवढंच लिही. कार्ड पुरेल.
आ.


(पोस्टकार्ड)
पुणे, ३० जून २००६

आक्का, कामात आहे. गेमविषयी विचारू नकोस म्हटलं होतं. मामाला जप. यंदा पाऊस जास्त सांगताहेत.
प्रसेन


गडमुडशिंगी,
२९ ऑक्टोबर २००६

प्रसेनजीत,

आज क्लासमधल्या एका पोरानं गेमचं मासिक आणलं. मधल्या पानावर तुमच्या गेमचा मोठा फोटो. जळालेलं गाव, आकाशात धूर, आणि एक दार. दार चांगलं केलंयस. फळीवरचा पावसाचा डागसुद्धा आपल्याकडच्यासारखा.

आणि दाराशेजारी पांढरा पंजा. उजवा. मधलं बोट अर्धं.

मी मासिक मिटलं, पुन्हा उघडलं. राजवीरला बोलावलं. त्याचं तोंड उतरलं. मग खालच्या दोन ओळी वाचल्या. 'ज्या घरावर पांढरा पंजा, त्या घरात दगाबाज. सावध राहा.'

दगाबाज! पुरात घरात घेणाऱ्या माणसाची ती खूण, आणि तुम्ही दगाबाज लिहिलंत? मामाला मी काय सांगू? त्याच्या हाताची जगभर अशी ओळख झाली म्हणून?

आता मला सगळं कळलं. 'काही लिहू नकोस' का, ते कळलं. 'डावा की उजवा' का, ते तर लगेच कळलं. सी.डी. घेतलीस, जे पाहिजे ते काढलंस आणि वर तोंडाला कुलूप लावून बसलास. राजवीरवर संशय घेत होतास म्हणजे माझं लक्ष तिकडं राहावं, होय ना? चोर तो चोर, वर शिरजोर.

आई म्हणते, "आपला प्रसेन असं करायचा न्हाय." मी पण तसंच म्हणायची.

रागाच्या भरात मी राजवीरला म्हटलं, गेममधलं प्रसेनचं घर पाडून टाक. तो म्हणाला, "आक्का, राग गेला की परत बांधाय लागंल. ऱ्हाऊ द्या." माझा राग जाणार नाही. तरी घर पाडलं नाही. ते तेवढं राहू दिलं.

संघप्रिया


पुणे,
९ नोव्हेंबर २००६

आक्का,

मी तुझ्या गेममधलं काही घेतलेलं नाही. कसं, ते मला लिहिता येत नाही. लिहिलेलं कोण वाचेल सांगता येत नाही. तुझ्या क्लासमध्ये पाकीट कुणाच्या हातात पडतं, मी बघायला आहे का? तू मला चोर म्हणालीस आणि त्या पोराचं उतरलेलं तोंड तेवढं तुला खरं वाटलं. त्याला ते तोंड उतरवायला जमलं, मला जमत नाही.

प्रसेन


गडमुडशिंगी,
१८ फेब्रुवारी २००७

प्रसेनजीत,

हे पत्र लिहायचं नव्हतं, पण तुला कळायला पाहिजे तू काय करून ठेवलंयस.

मुंबईच्या एका कंपनीनं आमचा गेम घ्यायचा ठरवला होता. मोबाईलवर. आम्ही दोन महिने घासून घासून तो मोबाईलपुरता लहान केला. जानेवारीत शेवटची कॉपी त्यांना दिली. त्यांनी सगळ्या जातीच्या मोबाईलवर चालवून बघितली. ढिगानं गेम येतात, म्हणाले, पण असा आला नव्हता. नावं छापायची तेवढी राहिली होती.

परवा त्यांचा फोन आला. "मॅडम, हा पंजा तुम्ही त्या मोठ्या गेममधनं उचललाय. आमच्यावर केस होईल. गेम परत घ्या."

आम्ही उचलला! आम्ही!

त्यांनाही काय बोलायचं? तुमच्या गेमचे फोटो सगळ्या जगात लागलेत, आमचा कुणी बघितलाय? ज्याचं मोठं त्याचं आधी. मी भांडले, रडले, सगळं केलं. म्हणतात, पंजा तुमचाच कशावरून? मी काय दाखवू? माझा भाऊ तिथं कामाला आहे आणि त्यानंच चोरला, असं सांगू? तोंडाशी आलं होतं. आईकडं बघितलं आणि गिळलं.

तू काही करणार असशील तर आता कर. नसशील तर यापुढं मला पत्र लिहू नकोस. आजोळी सुद्धा मी असेन तेव्हा येऊ नकोस.

संघप्रिया


पुणे,
३ मार्च २००७

ती. आक्कास,
सविनय जय भीम.

सोबतचं पार्सल आधी बघ. मावशीला पण दाखव. मग पुढचं वाच.

बघितलंस? ते तुझंच. लुगड्याचं कापड तेच, टाका तोच. मी ते उसवलं नाही. एक धागासुद्धा सोडवला नाही. सव्वा वर्ष कपाटात कपड्यांखाली होतं. रूम बदलली तेव्हा पिशवीत घालून मांडीवर घेऊन गेलो.

नोकरीला लागताना आमच्याकडनं एका कागदावर सही घेतात. साध्या भाषेत सांगायचं तर, दुसऱ्या कुणाचा न आलेला गेम बघायचा नाही. बघितला आणि पुढं आमच्या गेममध्ये त्यातलं काही दिसलं, तर बघणारा पण अडकतो आणि ज्याचा गेम तो पण. भांडायला त्यांच्याकडं वकिलांची फौज. तुझ्याकडं कोण? मी तुझा गेम उघडला असता तर त्यांना तुझ्या दारापर्यंत वाट मिळाली असती. म्हणून म्हटलं, काही लिहू नकोस. आणि हे लिहिलं असतं तर ते पत्र कुणी वाचून कुणाच्या हातात दिलं असतं, ही भीती. राजवीरवर विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर अजूनही नाही.

तुझं पहिलं पत्र मात्र मी वाचलंच होतं. पंजा गेममध्ये आहे हे त्यात होतं. पण पंजा मला काय तुझ्या पत्रानं शिकवला? मामाच्या खांद्यावर बसून मी तो उमटताना बघितलाय, तू पण बघितलायस. दारं करून करून कंटाळलो होतो. एका रविवारी ऑफिसात एकटाच होतो, घरची लई आठवण आली, आणि एका दाराशेजारी मामाचा हात काढला. एकाच. गंमत म्हणून. तुझ्या गेमचा तेव्हा विचारसुद्धा डोक्यात आला नाही, शपथ. मामाचा हात आपल्या दोघांचा आहे, त्यावर तुझं काही उभं आहे हे मी विसरलो. एवढं माझं चुकलं.

साहेबांनी ते दार बघितलं. खूश झाले. म्हणाले, सगळ्या दारांना लावा. माझ्या डोळ्यांदेखत एका रात्रीत चारशे दारांना लावला. मग तिकडच्या गोष्ट लिहिणाऱ्याला त्याचा काहीतरी अर्थ पाहिजे होता. त्यानं तो लावला. मी म्हटलं, हा आभाराचा हात आहे. कुणी ऐकलं नाही. काढा म्हटलं, तर म्हणाले आता इतक्या जणांचं काम त्यावर बसलंय, काढता येत नाही.

आता सही मोडून मी हे सगळं लिहिलंय. हे पत्र त्या मुंबईच्या कंपनीला दाखवायचं तर दाखव. माझी नोकरी जाईल, जाऊ दे.

तुझा,
प्रसेन


गडमुडशिंगी,
६ मे २००७

माझ्या प्रसेन,
जय भीम.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. दाखवणार पण नाही. दाखवावं का लागलं नाही ते सांगते.

आधी पार्सलचं. आईनं ते हातात घेतलं, चष्मा लावला, कड न् कड अंगठ्यानं चाचपली. म्हणाली, "ह्यो माझाच टाका हाय. कुणी उसवल्याला न्हाय." आणि ते छातीशी धरून रडायला लागली. पाठीत धपाटा घातला असतास तर बरं वाटलं असतं.

मग मी आजोळी गेले आणि मामाला पहिल्यापासनं सगळं सांगितलं. दगाबाजाचं पण. मला वाटलं, भडकेल. तो शांतपणे तंबाखू मळत होता. म्हणाला, "कुठं हाय त्यांचं हापीस? चल."

चल म्हणजे चल. मी, मामा आणि राजवीर, तिघं मुंबईला. काचेची बिल्डिंग, गार हवा, सगळे इंग्रजीत कुजबुजताहेत. मामा पटका बांधून सोफ्यावर. आमच्याशी फोनवर बोललेला साहेब आला आणि परत तेच, पंजा तुमचाच कशावरून. मी काही बोलायच्या आत मामानं चुन्याची डबी काढली. सगळा चुना तळहातावर ओतला, समोरच्या ग्लासातलं पाणी घातलं, खसाखसा चोळला आणि उठून त्यांच्या काचेच्या दारावर हात दाबला. पांढराशुभ्र पंजा. मधलं बोट अर्धं.

मग हात वर करून साहेबाच्या तोंडापुढं धरला. "ह्यो माझा हात हाय. म्या काय तुमचा गेम बघून बोट तोडून घेतलं व्हय?"

सगळं ऑफिस उठून बघायला लागलं. एक पोरगी हसली, मग साहेब हसला, मग कुणाला आवरेना. मामा काही हसला नाही. म्हणाला, "पावणं, हसताय काय? पंजा उठलाय तुमच्या दारावर. आता आत घ्या आमास्नी." आणि घेतलं बघ. वकिलाला फोन झाले, मामाच्या हाताचे फोटो काढले, आठवड्यानं होकार आला. गेमच्या आधी त्यांचं एक पान येतं, त्यावर नावं येणार आहेत. संघप्रिया, राजवीर, आणि खाली 'हात : अण्णासो'. मामा सगळ्या गावाला सांगत सुटलाय.

बाकी गेमला आता बोट लावायचं नाही म्हणतात. सगळ्या मोबाईलवर तपासून झालाय. मी एक बारीक दुरुस्ती मागितली होती, लई मागं लागले, नाहीच म्हणाले. जाऊ दे.

जूनमध्ये निघेल. निघाल्यावर तर बघायला तुला कुणाची बंदी नाही ना? तुझं घर आहे तिथंच आहे. आणि प्रसेन, मी जे जे लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. मासिकातल्या त्या दोन ओळी मी तुझ्याच दारावर लावल्या. माझ्या हातनं झालं ते.

पुरणपोळी करून ठेवते. ये.

तुझी,
आक्का


वारणानगर,
१५ जुलै २००७

ती. आक्कास,
सविनय जय भीम.

दोन दिवस सुट्टी घेऊन बाबांकडं आलोय. तुझ्याकडं यायचं होतं, पण पावसानं रस्ता बंद आहे. आमचा गेम गेल्या महिन्यात निघाला. म्हणतात, मोठा चालला. मला पुढच्या भागात बढती मिळाली आहे, आता खिडक्या. त्या पण उघडत नाहीत.

काल मोबाईलवर तुझा गेम घेतला. पहिल्या पानावर मामाचं नाव बघून बाबांनी कॉलनीतल्या चार घरी मोबाईल फिरवला. मग जेवण करून मी खेळायला बसलो.

आक्का, तू काय केलंयस! ना नीट रंग, ना आवाज, बोटाएवढी माणसं. पण पाणी पहिल्या पायरीला लागलं तसा मी मोबाईल दोन्ही हातांनी धरला. पहिल्याच दारानं गोठा दाखवला. मी गेलो नाही, मला राग आला. म्हटलं, आपलं घर आहे की, ओढ्याकडनं तिसरं. तिथं जाऊन वाजवलं.

उघडलं नाही.

मला वाटलं काही चुकलं. परत वाजवलं. पाणी गुडघ्याला आलं, परत वाजवलं. बाकी दारं निदान नाही तरी म्हणतात, हे काहीच म्हणत नाही. मी तीन वेळा पहिल्यापासनं खेळलो. वेगळ्या वाटेनं गेलो, लवकर गेलो. प्रत्येक पुरात माझ्या नावाचं घर बंद.

जानेवारीत शेवटची कॉपी गेली असं तू लिहिलं होतंस. माझं पार्सल तुला मार्चमध्ये पोचलं. म्हणजे तू मागत होतीस ती बारीक दुरुस्ती हीच, माझं दार उघडायची. सगळ्या मोबाईलवर गेलेलं आता परत येत नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. माझी चारशे गेली तशीच. रागावलो नाही. म्हणजे रागावलो, पण सकाळपर्यंत उतरला.

चौथ्यांदा पाणी छातीला आल्यावर मी मुकाट वर चढलो आणि दिसेल ते दार वाजवलं. लगेच उघडलं. गोठा नाही, थेट सोपा. शेजारी मामाचा पंजा उमटला, मग वर नाव दिसलं. राजवीर.

त्या पोराबद्दल मी तुला काय काय लिहिलं होतं ते सगळं आठवलं. मग तू मागं दिलेल्या नंबरवर त्याला फोन लावला. पहिल्यांदाच. नाव सांगितलं तसा म्हणाला, "दादा, खेळलासा व्हय?" मी विचारलं, माझं दार उघडत का नाही?

म्हणाला, "ते आक्कांनी बंद केलंय. त्यांना विचारा."

तिकडं म्हैस ओरडत होती. मग तोच म्हणाला, "म्हणून माझं लगेच उघडंल असं करून ठेवलंय की."

रस्ता सुरू झाला की येतो.

तुझा,
प्रसेन